डेट्रॉइटचा मूव्हमेंट महोत्सव: मराठी मंडळींकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे उजाडला की मिशिगनमधल्या मराठी गटांत हे प्रश्न फिरू लागतात. नोव्ही, ट्रॉय, कँटन या उपनगरांत आपली इतकी घरं आहेत, पण डेट्रॉइट शहराच्या या सर्वांत मोठ्या सांगीतिक वारशाकडे आपल्यातले थोडेच वळतात. जे वळू पाहतात त्यांच्यासाठी आणि शिकागो, टोरांटो किंवा थेट पुण्याहून येणाऱ्यांसाठी ही उत्तरं.

मूव्हमेंट म्हणजे नेमकं काय?

मे महिन्याचा शेवटचा सोमवार ही अमेरिकेत मेमोरियल डेची सुट्टी. तिला जोडून येणाऱ्या शनिवार, रविवार आणि सोमवारी डेट्रॉइटच्या नदीकाठी हार्ट प्लाझा नावाच्या मोकळ्या चौकात हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव भरतो. दुपारी सुरू होतो, मध्यरात्री थांबतो. पाच-सहा मंचांवर एकाच वेळी संगीत चालू असतं. टेक्नो आणि हाउस हे यंत्रांवर रचलेल्या नृत्यसंगीताचे दोन प्रकार हा त्याचा गाभा, जोडीला हिप-हॉप आणि इतरही बरंच काही. मध्यरात्रीनंतर गर्दी शहरातल्या क्लबांकडे सरकते आणि तिथे पहाट होईपर्यंत मैफली चालतात. क्लबांतला हा भाग महोत्सवाइतकाच महत्त्वाचा, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

टेक्नो जर्मनीचं ना? मग महोत्सव डेट्रॉइटमध्ये का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. टेक्नो डेट्रॉइटचं आहे, आणि तेही तिथल्या कृष्णवर्णीय तरुणांचं.

शहराच्या पश्चिमेला बेलव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या बहुतांश गोऱ्या शाळेत हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन ही तीन कृष्णवर्णीय मुलं भेटली. रात्री ती रेडिओ ऐकायची. डेट्रॉइटमध्ये तेव्हा 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' या नावाने कार्यक्रम करणारा एक निवेदक होता. आपला चेहरा तो कधी दाखवत नसे. पार्लमेंट-फंकाडेलिक या कृष्णवर्णीय गटाचा फंक (ठेक्याचं नाचरं संगीत), गायक प्रिन्स आणि जर्मनीचा इलेक्ट्रॉनिक गट क्राफ्टवर्क हे सगळं तो एकाच रात्री सलग लावायचा. कृष्णवर्णीयांचं स्टेशन आणि गोऱ्यांचं स्टेशन अशी वाटणी पक्की असलेल्या देशात हे फार मोठं धाडस होतं. या मुलांचे कान त्या रेडिओवर तयार झाले.

अ‍ॅटकिन्सने व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या रिक डेव्हिसबरोबर सायबोट्रॉन हा गट काढला आणि १९८१ मध्ये त्यांची पहिली तबकडी आली. पुढे तिघांनी आपापल्या छोट्या रेकॉर्ड कंपन्या उभ्या केल्या: अ‍ॅटकिन्सची मेट्रोप्लेक्स, मेची ट्रान्समॅट आणि सॉन्डरसनची केएमएस. तिन्ही ईस्टर्न मार्केट या भाजीबाजाराजवळ ग्रॅशिअट रस्त्यावर शेजारीशेजारी होत्या. रोलंड कंपनीची ८०८ आणि ९०९ ही तालयंत्रं त्या काळी जुन्या बाजारात स्वस्तात मिळत, त्यांच्यावरच या संगीताची उभारणी झाली. १९८८ मध्ये इंग्लंडमध्ये निघालेल्या एका संकलनातून हे संगीत 'टेक्नो' या नावाने युरोपभर पोचलं.

बर्लिनचं नातं त्यानंतरचं, आणि तेही खरं नातं आहे. भिंत पडल्यावर, १९९१ मध्ये, एका जुन्या दुकानाच्या तळघरातल्या तिजोरीच्या खोल्यांत ट्रेझर हा क्लब उघडला. त्याच्या रेकॉर्ड कंपनीची पहिली तबकडी डेट्रॉइटच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्स या मंडळींनी केलेली होती. बर्लिनने या संगीताला घर दिलं आणि मान दिला. जन्म मात्र इथला.

डेट्रॉइटची क्लब संस्कृती म्हणजे कोणते क्लब?

सुरुवात क्लबांच्याही आधीची आहे. १९७०-८० च्या दशकांत इथली हायस्कूलची कृष्णवर्णीय मुलंमुली हॉल भाड्याने घेऊन स्वतःच नाचाचे कार्यक्रम भरवत. मोटार कारखान्यांतल्या चांगल्या पगारांमुळे या घरांत चार पैसे खेळत होते. मुलं युरोपीय कपड्यांची नावं आपल्या मंडळांना देत आणि इटलीचं डिस्को संगीत लावत. डब्ल्यूजीपीआर हे अमेरिकेतलं कृष्णवर्णीयांच्या मालकीचं पहिलं दूरचित्रवाणी केंद्र १९७५ मध्ये डेट्रॉइटलाच सुरू झालं. त्यावर 'द सीन' हा नाचाचा कार्यक्रम १९८७ पर्यंत चालला. शहर नाचायला शिकलं ते हा कार्यक्रम पाहतपाहत.

मग डीजे केन कॉलियर. हेवन या क्लबात तो रात्र-रात्र वाजवायचा. तिथला मुख्य श्रोता समलिंगी कृष्णवर्णीय समाज होता. या माणसाचं नाव बाहेरच्यांना फारसं माहीत नाही, पण डेट्रॉइटच्या जुन्या डीजेंना विचारा, त्यांच्यातले कितीतरी जण त्यालाच गुरू मानतात. १९९६ मध्ये तो गेला.

आणि म्युझिक इन्स्टिट्यूट. डाउनटाउनमध्ये, १३१५ ब्रॉडवे या पत्त्यावर, १९८८ मध्ये हा क्लब सुरू झाला आणि १९८९ मध्ये बंद पडला. दारू नव्हती, फळांचा रस मिळायचा. अंधार, एक लुकलुकणारा दिवा, उत्तम ध्वनियंत्रणा आणि पहाटेपर्यंत नाच. शॅ दामिए, अ‍ॅल्टन मिलर आणि जॉर्ज बेकर यांनी तो उभा केला, शुक्रवारी डेरिक मे वाजवायचा. इतक्या थोड्या काळात एका खोलीने जगाच्या संगीतावर इतका परिणाम केल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

नव्वदच्या दशकात ओस पडलेल्या पॅकार्ड मोटार कारखान्यात रात्रीचे कार्यक्रम झाले. नदीपलीकडच्या, कॅनडातल्या विंडसर भागातून रिची हॉटिनसारखी डीजे मंडळी सीमा ओलांडून येत आणि ते भरवत. तो कारखाना आता बराचसा पाडला गेला आहे.

यात बायका कुठे आहेत?

पहिल्यापासून आहेत, फक्त पोस्टरवर त्यांची नावं उशिरा आली. स्टेसी 'हॉटवॅक्स' हेल या शहरातल्या अगदी सुरुवातीच्या डीजेंपैकी एक. डीजे मिंक्स यांनी १९९६ मध्ये विमेन ऑन वॅक्स हे महिला डीजेंचं मंडळ सुरू केलं. केली हँड यांना २०१७ मध्ये नगर परिषदेने 'डेट्रॉइटची फर्स्ट लेडी' म्हणून गौरवलं, २०२१ मध्ये त्या वारल्या. मिंक्स किंवा हेल यांचं नाव वेळापत्रकात दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून तिकडे जा.

महोत्सव कधी आणि का सुरू झाला?

२००० च्या मे महिन्यात. तेव्हा त्याचं नाव डेट्रॉइट इलेक्ट्रॉनिक म्युझिक फेस्टिव्हल असं होतं आणि कलात्मक दिग्दर्शक होता कार्ल क्रेग. क्रेग म्हणजे बेलव्हिलच्या तिघांनंतरच्या पिढीतला सर्वांत मोठा संगीतकार.

हे कलाकार तोवर लंडन, बर्लिन आणि टोकियोत हजारोंपुढे वाजवत, आणि घरी परतल्यावर शेजाऱ्यालाही त्यांचं काम माहीत नसे. शहराची अवस्थाही बिकट होती. १९५० मध्ये साडेअठरा लाख असलेली लोकसंख्या २००० पर्यंत साडेनऊ लाखांवर आली होती. डाउनटाउनमध्ये संध्याकाळनंतर शुकशुकाट असे. अशा शहराने आपल्या मधोमध, सगळ्यांना मोफत, आपलंच संगीत तीन दिवस वाजवलं. दहा लाखांहून अधिक लोक आले असं तेव्हा जाहीर झालं. हा आकडा फुगलेला असेल असं मला वाटतं, पण चौक आणि आजूबाजूचे रस्ते माणसांनी भरून गेले होते यात शंका नाही. आजीआजोबा, लहान मुलं, उपनगरांतले गोरे आणि शहरातले काळे एकाच जागी नाचले. डेट्रॉइटमध्ये हे सहज घडत नाही.

पूर्वी फुकट होता, मग आता तिकीट का?

कारण फुकट महोत्सव कुणालाच परवडला नाही. दुसऱ्याच वर्षी, २००१ मध्ये, क्रेगला आयोजकांनी दूर केलं आणि त्याच्या पाठिंब्याचे टी-शर्ट घालून लोक चौकात आले. २००३ मध्ये सूत्रं डेरिक मेकडे गेली आणि मूव्हमेंट हे नाव तेव्हाच आलं. प्रायोजक पुरेसे नव्हते, शहराची तिजोरी रिकामी होती, कलाकारांनी पदरमोड केली. २००५ मध्ये केविन सॉन्डरसनच्या कारकिर्दीत पहिल्यांदा तिकीट लागलं. २००६ पासून पॅक्साहाउ ही डेट्रॉइटचीच संस्था तो भरवते. करोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये तो नेहमीसारखा झाला नाही, २०२२ मध्ये परतला.

आज तीन दिवसांच्या पासला काही शे डॉलर पडतात. ज्या वस्त्यांतून हे संगीत आलं तिथल्या अनेकांना ही रक्कम परवडत नाही, आणि ही गोष्ट मला खुपते. तिकीट नसतं तर महोत्सव कधीच बंद पडला असता हेही तितकंच खरं. तुमचे पैसे शहरात राहावेत असं वाटत असेल तर पासच्या खर्चाखेरीज थोडे पैसे स्थानिक क्लब आणि रेकॉर्डच्या दुकानांसाठी राखून ठेवा.

हार्ट प्लाझाच का? मोठं मैदान का नाही?

मोठ्या मैदानावर तो नुसता आणखी एक महोत्सव झाला असता. हार्ट प्लाझाची रचना इसामू नोगुची या जपानी-अमेरिकन शिल्पकाराची. मधोमध त्याचं डॉज कारंजं आहे, पोलादाचं, एखादं यान उतरल्यासारखं. चौकाला अनेक पातळ्या आहेत: पायऱ्यांचं रंगमंडल, काँक्रीटचे कोपरे आणि खाली तळघर. म्हणून मंच एकमेकांपासून आपोआप वेगळे राहतात. शेजारी जनरल मोटर्सचे जुने मनोरे, रस्त्यापलीकडे मुष्टियोद्धा जो लुईसच्या स्मरणार्थ टांगलेली प्रचंड कांस्याची मूठ.

नदीच्या कठड्यापाशी एक शिल्पसमूह आहे, तिथे थोडा वेळ थांबाच. गुलामगिरीतून पळालेले कृष्णवर्णीय ज्या गुप्त साखळीने उत्तरेकडे जात, तिचं अखेरचं ठाणं डेट्रॉइट होतं आणि त्याचं सांकेतिक नाव 'मिडनाइट'. नदी ओलांडली की कॅनडा, म्हणजे मुक्ती. एड ड्वाइट यांनी घडवलेली ती माणसं पैलतीराकडे बोट दाखवत उभी आहेत. त्यांच्या वंशजांचं संगीत काही पावलांवर वाजत असतं. (इथे कॅनडा दक्षिणेला आहे. नकाशा पाहिल्याशिवाय कुणाला पटत नाही.)

कोणत्या मंचावर जाऊ?

मोठ्या मंचावर जगभरातली मोठी नावं असतात. २०१६ मध्ये तिथे क्राफ्टवर्क वाजवून गेले, म्हणजे ज्यांना ऐकून डेट्रॉइटची मुलं घडली ते स्वतः डेट्रॉइटला आले. असं काही असेल तर जरूर जा. पण माझा आग्रह असा की निम्मा वेळ तरी स्थानिकांना द्या. वेळापत्रकात डेट्रॉइटचे कलाकार शोधा. त्यातले बरेचसे दुपारी, ऊन असताना, कमी गर्दीत वाजवतात. ज्यांच्यासाठी युरोपात रांगा लागतात ते इथे दहा हातांवर भेटतात.

तळघरातला अंडरग्राउंड मंच एकदा तरी अनुभवा. काँक्रीटची खोली, कमी उजेड, उकाडा, आणि आवाज भिंतींवरून परततो. टेक्नोचं मूळ रूप कसं होतं ते तिथे कळतं. दम लागला की वर या, नदीचं वारं आहेच.

मला सगळं एकसारखंच ऐकू येतं. तेच तेच धप-धप. काय ऐकायचं?

तबल्याचं एकलवादन आठवा. लेहरा तोच तोच फिरत राहतो, कंटाळवाणा वाटावा इतका तोच. पण तो स्थिर असतो म्हणूनच कायदा, पलटे आणि तुकडे यांतले बारीक बदल आपल्याला कळतात. इथे खालचा ठोका लेहऱ्याचं काम करतो. लक्ष त्याच्या वर ठेवा: झांजेचा आवाज कधी आला, कधी गेला, सुरांचा एक पट्टा हळूहळू कसा उघडत गेला, दुसरी तबकडी नकळत कधी मिसळली. पाच मिनिटांत मत बनवू नका. एका कलाकाराजवळ निदान तासभर थांबा.

डीजेचं काम म्हणजे नुसतं बटण दाबणं नव्हे. दोन-तीन तबकड्यांची लय जुळवणं, त्यांच्यातून तिसरंच काही निर्माण करणं आणि समोरच्या गर्दीचा अंदाज घेत पुढची निवड करणं, हे सगळं त्यात येतं. डेट्रॉइटच्या जेफ मिल्स या डीजेला तीन तबकड्या आणि ९०९ यंत्र एकत्र हाताळताना पाहिलं की ही शंका उरत नाही.

गोव्याच्या सनबर्नसारखंच ना?

नाही. सनबर्न २००७ मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झाला तो मोठा व्यावसायिक सोहळा म्हणून. त्याआधी हणजुणे परिसरात परदेशी पाहुण्यांच्या मैफलींतून गोवा ट्रान्स हा प्रकार घडला, आणि तो जगभर गेला. मूव्हमेंटमध्ये फटाके, आगीचे लोळ, मंचावरून 'हात वर करा' म्हणून ओरडणं जवळजवळ नसतं. लोक ऐकायला आणि नाचायला येतात, पन्नाशी-साठीचे कितीतरी असतात.

आपल्याकडे उघड्यावर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात, मध्यरात्रीपर्यंतची सूट वर्षातल्या मोजक्याच दिवशी. त्यामुळे भर शहरात मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या या महोत्सवाचं पुणे-मुंबईकरांना आश्चर्य वाटतं. डाउनटाउनच्या या भागात वस्ती विरळ आहे आणि एका बाजूला नदी. शिवाय शहराला हा महोत्सव हवा आहे.

आईबाबा भारतातून आलेत. त्यांना आणू का?

दुपारी दोन-तीन तास नक्की आणा. पायऱ्यांवर बसायला जागा असते, नदीतून प्रचंड मालवाहू जहाजं जातात, माणसं पाहण्यात वेळ छान जातो. मोठ्या ध्वनिक्षेपकांपासून लांब बसवा आणि कानात घालायचे बोळे द्या. बोळे तुम्हीही वापरा, तीन दिवसांत कानाला होणारी इजा भरून येत नाही. लहान मुलांना कानावर घालायचे जाड संरक्षक हवेतच. वयाचे आणि सामानाचे नियम त्या वर्षीच्या तिकिटावर छापलेले असतात, ते वाचून निघा.

मे अखेरीस इथलं हवामान लहरी असतं. दुपारी घाम, रात्री नदीकाठी हुडहुडी, मध्येच पाऊस. जाकीट आणि रेनकोट दोन्ही घ्या.

तिथे नशापाणी चालतं का?

दारू विकली जाते, वय २१ पूर्ण हवं, ओळखपत्र दाखवावं लागतं. अमली पदार्थ बेकायदा आहेत. न पिणारे पुष्कळ असतात, तुम्हाला कुणी आग्रह करणार नाही. शिवाय ज्या क्लबात हे संगीत वाढलं तिथे दारूच नव्हती, हे वर आलंच आहे.

एक गोष्ट मात्र एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी नीट लक्षात ठेवावी. मिशिगनमध्ये २०१८ च्या जनमतानंतर प्रौढांना गांजा कायदेशीर आहे, डाउनटाउनला जाताना त्याच्या जाहिरातींचे मोठे फलक दिसतील. पण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने तो अजूनही बेकायदा आहे आणि व्हिसाचे निर्णय केंद्रीय कायद्याने होतात. खटला नसला तरी नुसत्या कबुलीवरून सीमेवर किंवा ग्रीन कार्डच्या वेळी अडचण येऊ शकते. मित्रांनी 'इथे चालतं' म्हटलं तरी तुम्ही लांब राहा.

विंडसरला स्वस्तात राहून रोज ये-जा करता येईल?

कॅनडाचे रहिवासी असाल तर हो, नदीखालचा बोगदा थेट डाउनटाउनमध्ये निघतो. भारतीय पासपोर्ट असेल आणि ग्रीन कार्ड नसेल तर कॅनडाचा व्हिसा आणि अमेरिकेत पुन्हा प्रवेशाची कागदपत्रं दोन्ही लागतात, रात्री दोनला सीमेवर प्रश्नोत्तरं होतात. सरळ अमेरिकेच्या बाजूला राहा. उपनगरांतून येणार असाल तर गाडी थोडी लांब लावा आणि पीपल मूव्हर (डाउनटाउनमधली छोटी उन्नत रेल्वे) किंवा क्यूलाइनने (वुडवर्ड रस्त्यावरची ट्राम) या.

डेट्रॉइट सुरक्षित आहे का?

त्या तीन दिवसांत डाउनटाउन पहाटेपर्यंत माणसांनी गजबजलेलं असतं. कोणत्याही मोठ्या शहरात घेता ती काळजी घ्या: गाडीत बॅग दिसेल अशी ठेवू नका, रात्री क्लबला जाताना एकत्र जा, टॅक्सी थेट दारापर्यंत करा. पडक्या इमारतींत फोटो काढायला शिरू नका. तिथली जमीन खचू शकते, आणि त्या पडझडीच्या शेजारी लोक राहतात, त्यांना आपल्या दुर्दशेचं प्रदर्शन झालेलं आवडत नाही.

आफ्टरपार्टीला जावंच लागतं का?

महोत्सव शहराच्या क्लब संस्कृतीचा असेल तर निदान एका रात्री क्लब बघायला हवा. टीव्ही लाउंज, मार्बल बार, स्पॉटलाइट ही नावं लक्षात ठेवा. तिकिटं वेगळी, चांगली असतात ती आठवडे आधी संपतात. मिशिगनमध्ये दारूविक्री रात्री दोनला थांबते आणि खरी रंगत त्यानंतर येते, कारण मागे उरतात ते फक्त नाचणारे. काही वर्षी याच सुमारास डेट्रॉइटचा डीजे मूडीमॅन 'सोल स्केट' भरवतो. डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत चाकांच्या बुटांवर नाचण्याची जुनी परंपरा आहे, तिचा हा उत्सव. संधी मिळाली तर सोडू नका.

तिन्ही रात्री जागायचा हट्ट मात्र धरू नका. एक रात्र निवडा, दुसऱ्या दिवशी उशिरा या.

मला नाचता येत नाही.

कुणी बघत नाही. पाय जमिनीवर ठेवून नुसतं डोलणारे अर्धे असतात. डेट्रॉइटचा स्वतःचा नाच पाहायचा असेल तर जिट करणारी मुलं शोधा. अतिशय जलद पदन्यास, सत्तरच्या दशकापासून इथल्या गल्ल्यांत चालत आलेला. त्यांच्याभोवती गोल धरून लोक टाळ्या देत असतात, त्या गोलात जरूर उभे राहा.

शाकाहारी खायला मिळतं?

मिळतं. बाहेर पडून डेट्रॉइटचा चौकोनी पिझ्झाही खा, मोटार कारखान्यांतल्या पोलादी ट्रेमध्ये भाजायची पद्धत १९४० च्या दशकात इथेच सुरू झाली. शेजारच्या डिअरबॉर्न गावातली अरबी खाणावळ त्याहूनही चांगली, फलाफल आणि हमस पोटभर.

एक दिवस जास्तीचा आहे. काय पाहू?

ग्रँड बुलेवार्ड हा एकच रस्ता धरा. पश्चिमेला २६४८ क्रमांकाच्या घरात मोटाउन या गाजलेल्या रेकॉर्ड कंपनीचं संग्रहालय आहे. ती कंपनी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसला निघून गेली आणि शहराला मोठी पोकळी जाणवली. पूर्वेला ३००० क्रमांकाच्या इमारतीत सबमर्ज आहे, म्हणजे अंडरग्राउंड रेझिस्टन्सचा तळ. तिथे टेक्नोचं छोटं संग्रहालय आणि तळघरात रेकॉर्डचं दुकान आहे. आधी वेळ ठरवूनच जावं लागतं, म्हणून प्रवासाची तिकिटं काढतानाच त्यांना विचारून ठेवा. या गटाच्या 'मॅड' माइक बँक्स आणि त्याच्या साथीदारांनी मोठ्या कंपन्यांना नकार देत, बराच काळ चेहरा झाकून काम केलं आणि बँक्स शहर सोडून गेला नाही. दाखवणारी व्यक्ती बहुधा स्वतः संगीतकार असते. घाई करू नका, प्रश्न विचारा आणि निघताना एखादी तबकडी विकत घ्या, घरी ती वाजवायचं यंत्र नसलं तरी.